बुधवार पेठेतून काळ्या पाण्यापर्यंत

पुण्याच्या बुधवार पेठेत आपली माणसे जातात ती कामापुरती. जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात पोरांची जुनी पुस्तके घ्यायला, लग्न ठरले की तुळशीबागेत भांडी बघायला, पंखा बिघडला की पासोड्या विठोबाच्या बाजूला सुटे भाग शोधायला. पिशवी भरली की बस पकडायची आणि घर गाठायचे. आज वाचकांनी पिशवी घरी ठेवून आमच्याबरोबर यावे. या पेठेतून एक वाट थेट समुद्रापलीकडे जाते, आणि त्या वाटेवर आपली माणसे हरवली आहेत.

"आमचा खापरपणजा काळ्या पाण्यावर गेला," असे आपल्या वस्त्यांमधले एखादे म्हातारे माणूस कधीतरी बोलून जाते आणि लगेच गप्प बसते. कोणत्या साली गेला? कशासाठी? मागे बायकामुलांनी काय खाल्ले? पुढे कोणी बोलत नाही. पोरांनी जास्त विचारले तर "गप रे, चार लोकांत बोलू नये," एवढेच ऐकायला मिळते. आम्ही पेशाने कारकून. जातीच्या दाखल्यासाठी लोकांच्या आज्या-पणज्यांची नावे कोतवाल बुकातून शोधून देण्याचे काम सुट्टीच्या दिवशी करतो. त्या कामात हा प्रश्न आम्हाला अनेकदा भेटला. माणूस समुद्राने गिळला असेल, पण सरकारी कागद सहसा गिळला जात नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

दगडूशेठ गणपतीसमोर उभे राहिले की भिडे वाड्याची जागा दिसते. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि जागा स्मारकासाठी घेण्यात आली. शाळेची गोष्ट आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण जोतीरावांच्या मित्राच्या घरून एक बाई काळ्या पाण्यावर गेली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या मित्राचे नाव सदाशिव बल्लाळ गोवंडे. त्यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय चालले नाहीत. मूल झाले तेव्हा लोकलाजेने तिने ते मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. पोलिसांनी तिला धरले, खटला झाला आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन तिची अंदमानला रवानगी झाली. ही १८६३ च्या सुमाराची हकिगत. जोतीरावांनी १८८४ साली लिहिलेल्या टिपणात ती स्वतः सांगितली आहे. असा प्रसंग दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, असा तो आसरा होता. १८७४ साली तिथे बाळंत झालेल्या विधवेचे नावही काशीबाई. तिचा मुलगा यशवंत जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. या दोन काशीबाई वेगळ्या. एकीचा मुलगा डॉक्टर झाला. दुसरी समुद्रापार गेली आणि तिची गोष्ट शिक्षेपाशीच थांबली.

शिक्षा झाली ती बाईला. शास्त्र्याचे नावसुद्धा त्या गोष्टीत येत नाही. याच पेठेच्या गल्ल्यांमध्ये आजही अशा बाया राहतात, ज्यांचे नाव त्यांच्या गावी कोणी घेत नाही. घरातून माणूस पुसून टाकायला दर वेळी जहाज लागतेच असे नाही.

चार पावले पुढे बुधवार चौक. इथे दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा होता. पुढे त्यात इंग्रज सरकारच्या कचेऱ्या बसल्या. मे १८७९ मध्ये हा वाडा जळाला आणि त्याच वेळी विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. तेव्हा पुण्यात पहिले नाव घेतले गेले ते वासुदेव बळवंत फडके यांचे. फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. १८७६-७८ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि रामोशी, कोळी मंडळींना बरोबर घेऊन ते सरकारविरुद्ध उठले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, पुण्यात खटला चालला, जन्मठेप झाली. त्यांना एडनला पाठवले आणि तिथेच १८८३ साली ते वारले. त्यांच्या नावाचे चौक झाले, पुस्तके झाली, हे योग्यच झाले. त्यांच्यासोबतचे दौलतराव नाईक लढताना पडले, म्हणून त्यांचेही नाव उरले. पण मागून जे पोटासाठी आणि संतापासाठी निघाले, पकडले गेले, शिक्षा भोगली, त्या साध्या माणसांची नावे घेणारा चौक कुठे आहे?

इथे कायद्याची एक बाब वाचकांनी नीट समजून घ्यावी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी वेगळी आणि दरोडा वेगळा. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरीने लूट केली की तो दरोडा, आणि दरोड्याला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा देता येत असे. आता दुष्काळाचे साल डोळ्यापुढे आणा. सावकाराच्या पेवात धान्य आहे आणि गावकुसाबाहेर चुली थंड आहेत. चौघे गेले तर एक कलम, पाचवा सोबत गेला तर दुसरे. त्या पाचव्या माणसाने घराण्याच्या कपाळी दरोडेखोर हा शिक्का आणला. घरात कुजबुज उरली ती या शिक्क्याची, भुकेची आठवण पुसली गेली. सगळेच निरपराध होते असे आम्ही म्हणत नाही. खून करणारेही त्यांत होते. पण कागद पाहिल्याशिवाय आपणच आपल्या माणसाला गुन्हेगार ठरवणे बरोबर नाही.

ही माणसे गेली कुठे? अंदमान हे नाव सर्वांना ठाऊक, पण ते पहिले नव्हे. १८१५ पासून बंगाल आणि पुढे मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला नेले जात. तिथले रस्ते त्यांनी बांधले. चार्ल्स डार्विन १८३६ साली मॉरिशसला उतरला तेव्हा त्याने हे हिंदी कैदी पाहिले आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च हिंदी कैद्यांच्या हातचे आहे. तिथला त्यांचा तुरुंग १८७३ साली बंद झाला. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे असाही प्रकार होता. सिंगापूर-पेनांगकडचे चिनी कैदी आपल्या महाबळेश्वरला आणून ठेवले होते. भाजीपाला पिकवणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. तो तुरुंग १८६४ साली मोडला, पण चायनामन धबधबा हे नाव राहिले. सहलीला गेलेल्या पोरांना हे जरूर सांगावे.

अंदमानात पोर्ट ब्लेअरला २०० कैद्यांची पहिली तुकडी १० मार्च १८५८ रोजी उतरली. बांधलेला सेल्युलर तुरुंग १९०६ साली पुरा झाला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे कैदी त्या तुरुंगाआधीच तिथे जंगल तोडत होते. वर्तणूक चांगली असेल तर बऱ्याच वर्षांनी कैद्याला सुटे राहून शेती-धंदा करायची परवानगी मिळे. कैदी बाई आणि कैदी पुरुष यांना लग्न करता येई. मराठी बोलणारा नवरा, हिंदी बोलणारी बायको, जात तर दोन तऱ्हेची. त्यांच्या मुलाबाळांना तिथे लोकल बॉर्न म्हणतात. समुद्र ओलांडला की जात जाते म्हणून वरच्या जातींना काळ्या पाण्याची धास्ती. ज्यांच्याकडे जातीच्या नावाने गमावण्यासारखे काही नव्हते, त्यांना धास्ती होती ती मागे राहिलेल्या लेकरांची. आणि जिथे बोट दाखवायला गाव नव्हते, तिथे दोन जातींच्या माणसांनी एका चुलीवर भाकरी खाल्ली, ही गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे.

आता जरा आयर्लंडकडे पाहू. तोही इंग्रजांच्या टाचेखालचा देश. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियाला नेले. त्यांत आयर्लंडहून निघालेले अंदाजे ४० हजार. १८४५ नंतर तिथेही बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मेंढी नाहीतर धान्य चोरणारी माणसे जहाजावर चढली. मागे राहिलेल्या बायका "आम्हालाही नवऱ्याकडे पाठवा" असे अर्ज सरकारकडे करीत. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या नातवंडांनी पुष्कळ वर्षे हे लपवले. कैद्याचा वंश हा डाग मानला जाई. आता तीच माणसे अभिमानाने पूर्वजाच्या जहाजाचे नाव सांगतात. डब्लिनचे मोठे दप्तरखाने १९२२ सालच्या लढाईत जळाले, पण कैद्यांची कागदपत्रे दुसरीकडे, डब्लिनच्या किल्ल्यात होती म्हणून वाचली. १९८८ साली आयर्लंड सरकारने त्यांच्या नकला ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या. त्या बायकांचे अर्जही त्या दप्तरात आहेत.

आपल्याकडेही कागद आहेत. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख आहेत. त्यांत न्याय खात्याचे जुने खंड आहेत. पुण्यात पेशवे दप्तर आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याचे पोर्ट ब्लेअरचे कागद आहेत. शोधायला निघण्यापूर्वी मात्र घरी काही गोष्टी करून ठेवाव्यात.

घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बसवून नाव, बापाचे नाव, गाव आणि तालुका लिहून घ्यावा. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसते. "अमुक बिन तमुक, जात अमकी, गाव अमके" अशी नोंद असते. म्हणून बापाचे नाव हीच खरी किल्ली. साल ठाऊक नसेल तर दुष्काळाच्या आधी की नंतर, प्लेगच्या आधी की नंतर, एवढे तरी विचारावे. जिल्हा तेव्हा कोणता होता ते जुन्या गॅझेटियरमध्ये पाहावे. ही पुस्तके मोठ्या ग्रंथालयात बघायला मिळतात. बुधवार चौकातले पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचे ग्रंथालय आहे. गावचा जुना कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा माणूस गाठावा. आपल्या वस्तीतल्या दोन पदवीधर पोरांनी मोडी शिकली तर शंभर घरांचे काम होईल.

काळ्या पाण्याची शिक्षा कायद्यातून १९५५ च्या दुरुस्तीने गेली. तिच्या जागी जन्मठेप आली. ती दंड संहितासुद्धा १ जुलै २०२४ पासून बदलली. कायदा गेला, पण घरातली मान खाली घालायची सवय अजून गेलेली नाही. अंदमानच्या तुरुंगात राजबंद्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत. पाचव्या माणसाचे आणि काशीबाईसारखीचे नाव कोणी कोरणार नाही. ते आपल्यालाच घरच्या वहीत, आज्याच्या आणि पणज्याच्या नावाशेजारी, शाईने लिहावे लागेल.

तेव्हा वाचकहो, आई, आजी, मावशी हयात आहेत तोवर विचारून घ्या. त्या "गप रे" म्हणतील. आपण पुन्हा विचारावे.