घाटघरची एसटी

जुन्नर म्हटलं की शिवनेरी, आणि ते बरोबरच आहे. पण अम्मी आणि मी बाजाराच्या दिवशी घाटघरची एसटी पकडतो. गावाकडून आलेल्या बायका पाट्या घेऊन उतरतात, आम्ही चढतो. मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून अम्मीचं "तू जा, मी कशाला?" बंद झालं. (अडचण गुडघ्यांची नव्हतीच.)

उतरून शेतांच्या कडेनं नाणेघाटापर्यंत चालायचं. सातवाहनांच्या काळात कोकणच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरच्या बाजारात चढायचा. वर दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत, असं सांगतात. लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण, सगळ्यांचे आकडे कोरलेले. अम्मी म्हणाली, "बाईनं हिशेब पक्का ठेवलाय गं."

एक सांगते, परतीची गाडी कितीला ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. स्वतःच्या वाहनानं आलेले कड्यावरून सूर्यास्त पाहतात, आम्ही त्याआधीच निघतो. आमची फार तर एक संध्याकाळ हुकते. पाटी घेऊन बाजाराला येणारीला मात्र तीच गाडी.