बिनचढाचा डोंगर

डोंगर म्हणजे चढ, हे आपल्याकडे ठरलेलं. पायथ्याच्या गावात पोहे-चहा, मग धाप लागेस्तोवर चढण, खिंडीत जरा विसावा की पुन्हा चढण. मदेरा बेटावर गेलं की हा हिशेबच कोलमडतो. उभ्या कड्याच्या अंगावरून, दाट रानातून दिवसभर चाला; सकाळी जितक्या उंचीवर होतात, साधारण तितक्याच उंचीवर संध्याकाळी असता. घाम फुटतोच, पण तो खाली डोकावल्यावर.

मदेरा पोर्तुगालचं, पण लिस्बनपेक्षा आफ्रिकेचा किनारा त्याला जवळ. अटलांटिकच्या तळातून ज्वालामुखीने वर ढकललेलं हे बेट लांबीला 57 आणि रुंदीला जेमतेम 22 किलोमीटर. एवढ्याशा जागेत पिको रुइवो हे 1862 मीटरचं शिखर उभं आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरांनी वरचढच. सपाट जमिनीचा तर दुष्काळ. विमानतळाची धावपट्टी लांबवायची वेळ आली तेव्हा पुढे जागाच नव्हती. मग 2000 साली ती समुद्रालगत काँक्रीटच्या उंच खांबांवर बांधून काढली. वाऱ्याच्या दिवशी तिथे विमान टेकलं की प्रवासी टाळ्या वाजवतात, आणि त्या मनापासून असतात.

चढ नसण्याचं कारण पाणी. अटलांटिकवरचे ढग बेटाच्या उत्तर अंगाला येऊन अडकतात, तिकडे धो धो पाऊस. दक्षिण अंगाला ऊन, आणि ऊस, केळी, द्राक्षं पिकणारी सगळी चांगली जमीन. म्हणजे पाणी एकीकडे आणि शेती दुसरीकडे, मध्ये डोंगराची भिंत. पंधराव्या शतकात इथे उसाची लागवड सुरू झाली आणि तेव्हापासून लोकांनी डोंगराच्या कडेकडेने पाट खोदायला घेतले. त्यांना लेवाडा म्हणतात. काही ठिकाणी दोरानं वरून सोडलेल्या टोपल्यांत बसून माणसं कातळ फोडत. त्यात गुलाम होते, कैदी होते. 1939 नंतर सरकारनं हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं, लांब बोगदे काढले आणि त्याच पाण्यावर वीजही बनवली. आज हे सगळे पाट मिळून दोन हजार किलोमीटरहून जास्त भरतात, असं सांगतात. पाण्यानं निवांत वाहायचं तर उतार अगदी नावापुरता हवा. आणि पाटाची देखभाल करायची तर शेजारून माणसाला जाता यायला हवं. आपण चालतो ती हीच देखभालीची वाट. ती प्रवाशांसाठी काढलेलीच नाही, म्हणूनच बहुधा इतकी चांगली आहे.

या पाटांवर नेमलेला माणूस म्हणजे लेवादेरो. कुणाच्या वावराला पाणी कधी आणि किती वेळ, हे तो बघतो. पाळी आली की दार उघडतो, संपली की बंद करतो. धुळे-नाशिककडच्या फडांवर पाटकरी जे करतो, तेच काम. असा एक जण वाटेत दिसला. गमबूट, हातात लांब दांड्याचं फावडं. पाटाच्या तोंडच्या लोखंडी जाळीवर साचलेला पाला तो ओढून काढत होता आणि तिथून जाणाऱ्या आम्हा रंगीत जॅकेटवाल्यांकडे मान वर करूनही बघत नव्हता.

एकच लेवाडा चालायची असेल तर काल्देराव वेर्देची चाला. ही अठराव्या शतकातली, फैयाल गावच्या शेतांसाठी काढलेली. केमादासच्या गवती छपराच्या घरापासून सुरुवात होते. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा. पाट गुडघाभर खोल, पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसतो. एका हाताला शेवाळलेला, सतत पाझरणारा कातळ, नेच्यांच्या झुपक्यांतून थेंब थेंब पाटात पडतात. दुसऱ्या हाताला काही नाही. बऱ्याच ठिकाणी लोखंडी खांबांना ओढलेली तार आहे, तेवढाच काय तो आधार. तिच्या पलीकडे दरी सरळ खाली. वाट कुठे कुठे इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने पाटाच्या काठावर चढून पाठ कातळाला लावायची. जर्मन आजी-आजोबा हे इतक्या सहज करतात की आपल्याला सह्याद्रीचा अभिमान सांगायची सोय राहत नाही. मध्ये चार बोगदे लागतात. माणसाच्या मापाचे नव्हेत, पाण्याच्या मापाचे. त्यामुळे कमरेत वाकून, बॅटरीच्या उजेडात, एक हात वर धरून जायचं. तरी डोकं आपटतंच. आणि वाट जिथे संपते तिथे शंभरेक मीटरवरून हिरव्या डोहात पडणारा धबधबा.

हे रान म्हणजे लॉरिसिल्वा. एके काळी दक्षिण युरोपात अशी जंगलं होती. हिमयुगांत तिकडे ती मेली आणि अटलांटिकमधल्या या बेटांवर तगली. 1999 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. झाडं आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली. ती धुकं पानांवर धरतात आणि ठिबकत ठिबकत जमिनीत सोडतात, म्हणजे पाऊस नसतानाही झरे चालू. रान तुटलं तर पाट आटतील, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

उंचीची हौस असलेल्यांसाठी पिको दो आरिएरो आहे, 1818 मीटर. गाडी थेट माथ्यावर जाते, हे मला फारसं रुचलं नाही. पण तिथून पिको रुइवोकडे जाणारी वाट म्हणजे कातळात खोदलेल्या पायऱ्या, बोगदे आणि दोन्ही बाजूंना तुटलेले कडे. इथे मात्र मदेरा चढाची सगळी थकबाकी एकदम वसूल करते. याच कड्यांच्या कपारींत झिनोज पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी घरटं करतो. तो नामशेष झाला असंच धरून चालले होते. 1969 मध्ये पुन्हा सापडला. रात्री तो असा काही विव्हळतो की जुने धनगर त्याला डोंगरात मेलेल्या धनगरांचे आत्मे समजत.

किनारा बघायचा तर पूर्वेचं साँव लोरेंसोचं टोक. पश्चिमेच्या हिरव्या काळोखातून आल्यावर बेट बदललं की काय असं वाटतं: एक झाड नाही, लाल-पिवळे खडक, दोन्हीकडे समुद्र आणि टोपी उडवणारा वारा. पोर्तो मोनिजला लाव्ह्याच्या खडकांत भरतीचं पाणी साठून तयार झालेले डोह आहेत. पाय दुखत असतील तर सरळ तिथे जाऊन डुंबा. काबो जिरावच्या 580 मीटर उंच कड्यावर काचेचा सज्जा केलाय. तो सेल्फीवाल्यांना सोडून द्यावा.

संध्याकाळी भूक खरी लागते. तमालाच्या काठीला टोचून भाजलेलं गोमांस, लसूणलोण्याचा गरम बोलो दो काको, आणि केळ्याबरोबर वाढलेला एस्पादा मासा. हा शेवटचा प्रकार ऐकायला विचित्र, पण जमलेला आहे. नाताळात घरोघरी वाइन-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस करतात. गोव्याच्या विंदालूचा हा सख्खा पूर्वज, फक्त मिरची न भेटलेला. इथल्या वाइनलाही हिंदुस्थान लागला. जहाजावर उष्ण समुद्र पार करून न विकता परत आलेली पिंपं नासण्याऐवजी अधिक चवदार निघाली, तेव्हा व्यापारी ती मुद्दाम फिरवून आणू लागले. आता तीच ऊब माळ्यावर ठेवून देतात.

जायचं असेल तर शेंगेन व्हिसा चालतो, लिस्बनहून विमान आहे. नोंदणीकृत वाटांवर आता पर्यटकांना शुल्क पडतं. दरडी आणि वणव्यांमुळे वाटा अधूनमधून बंद होतात, 2024 च्या ऑगस्टमधल्या वणव्याने आरिएरोची वाटही बंद झाली होती; तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. चक्कर येणाऱ्यांनी कड्यावरच्या लेवाडांच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी बॅटरी घ्यावी, मोबाइलची नव्हे, डोक्याला बांधायची. तार धरायला हात मोकळा लागतो.