फुल चेन कव्हर

सायकल ही स्वस्त वस्तू आहे, म्हणून तिच्याबद्दल फार विचार करण्याची गरज नाही, असा आपला एक समज आहे. मोबाईल घेताना आपण आठवडाभर चौकशी करतो, सायकल मात्र रंग पाहून घेतो. मुलीसाठी गुलाबी, मुलासाठी काळी-लाल. चार महिन्यांत ती जिन्याखाली गंजत पडते आणि आपण म्हणतो, "आमच्या मुलीला सायकलची आवडच नाही." तिला आवड नाही, की ती सायकलच तिच्यासाठी बनलेली नाही, हे कोणी विचारत नाही. मी विचारले, कारण मला ते विचारणे भागच होते.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिकवते. घर नई जिंदगी भागात आणि शाळा बेगम पेठेच्या बाजूला. जायला पाच किलोमीटरच्या वर, यायला तेवढेच. शौहर पहाटेच मोटारसायकल घेऊन चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातात. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही आणि शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही. बी.एड. झाले तरी विनाअनुदानित तुकडीवरचे मानधन ते किती! त्यात स्कूटीचा हप्ता, पेट्रोल आणि विमा बसवायचा म्हणजे घरातले काहीतरी काढून टाकावे लागणार. तेव्हा मी सायकलचा विषय काढला.

घरात पहिला विरोध झाला तो अम्मीजानचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. मी बुरखा वापरते. त्या एवढेच म्हणाल्या, "बुरखा चेन में अटक्या तो क्या करती गे तू?"

आपल्याकडे अशा वेळी लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बाईमाणसाने सायकल चालवणे शोभत नाही. दुसरा म्हणतो, बुरखा काढून टाका म्हणजे प्रश्न मिटेल. अम्मीजान या दोन्ही तटांतल्या नव्हत्या. त्यांच्या धाकट्या बहिणीची ओढणी एकदा मोटारसायकलच्या मागच्या चाकात गेली होती. हात मोडला आणि गळ्याभोवतीचा वण महिनाभर गेला नाही. अम्मीजानचा प्रश्न रिवाजाचा नव्हता, यंत्राचा होता. यंत्राच्या प्रश्नाला यंत्रानेच उत्तर दिले पाहिजे, असे मला वाटले.

गंमत अशी की मोटारसायकलसाठी हे उत्तर कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 123 सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे तरी झाकलेले असावे. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. सायकलला मात्र असे काही लावून मिळेलच याची खात्री नाही. दुकानात ज्या सायकली पुढे मांडलेल्या असतात, त्यांतल्या कित्येकींना चेन कव्हर नसते, मडगार्ड नावापुरते असते आणि हँडल इतके खाली असते की बसणारा पुढे वाकलाच पाहिजे. शर्यतीसाठी ते ठीक आहे. मला मात्र चाळीस वह्या घेऊन वर्गात पोहोचायचे होते.

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला आहे असेही नाही. 1885 च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, मागे चेन असलेली सायकल आली. 1888 मध्ये डनलपने हवेचा टायर आणला आणि सायकल बायकांच्याही आवाक्यात आली. तेव्हा तिथल्या बायका पायघोळ झगे घालत. झगा चाकात जाई. त्यावर तिथेही खूप चर्चा झडली आणि काहींनी पोशाखही बदलला. पण कारागिरांनी दुसरी गोष्ट केली. त्यांनी सायकल बदलली. मधली आडवी नळी खाली वळवली, चेनला पूर्ण कव्हर घातले आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डपासून अक्षापर्यंत दोरीची जाळी बांधली. नेदरलँड्समध्ये तशाच घडणीची सायकल आजही रस्त्यावर आहे. तिकडे तिला 'ओमाफीत्स', म्हणजे आजीची सायकल म्हणतात. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि कामावर जाताना लोक अंगातले लांब कोट घालूनच त्यावर बसतात.

विजापूर वेशीच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक सायकल मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी त्यांना माझ्या गरजा सांगितल्या. बुरखा अडकू नये, पाठ ताठ राहावी, वह्या मावाव्यात आणि महिन्यातून दोनदा दुकानात यायला लागू नये. चाचा हसले. म्हणाले, "टीचर, अशी सायकल पूर्वी दुकानात टांगलेली असायची. आता जुळवावी लागेल."

मग आम्ही ती जुळवली. त्यांच्याकडे एक जुनी लेडीज फ्रेम होती, 26 च्या चाकाची, खाली वळलेल्या नळीची. काळी जड रोडस्टर मी आधी पाहिली होती. 28 चे चाक, सळईचे ब्रेक, वजन अठरा-वीस किलो. टिकाऊ म्हणाल तर तिच्यासारखी तीच, पण माझ्या उंचीला ती मोठी पडत होती आणि वरची नळी ओलांडून बसणे बुरख्यात जमणारे नव्हते. लेडीज फ्रेमवर पाय उचलावाच लागत नाही. सिग्नलला थांबले तर पायाचे चवडे सहज टेकतात.

हँडल सीटपेक्षा चार बोटे वर घेतले. त्यामुळे पाठ ताठ राहते, मनगटावर भार येत नाही आणि मान न वळवता पुढचा रस्ता दिसतो. मात्र असे बसले की सगळे वजन सीटवर येते. म्हणून सीट रुंद आणि खाली स्प्रिंग असलेली हवी. शर्यतीची अरुंद सीट ताठ बसणाऱ्याला टोचते, हे बायकांना कोणी सांगत नाही. ताठ बसल्याने वारा छातीवर लागतो आणि वेग थोडा कमी होतो. मला त्याचे काही वाटत नाही. पंचवीस-तीस मिनिटांत मी शाळेत असते.

गिअरचा मोह मला झाला होता. चाकाच्या हबमध्येच बसवलेले तीन गिअर इंग्लंडात 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच निघाले आणि ते उत्तम असतात, कारण धूळ-पाणी आत जात नाही. पण चाचांनी एकच प्रश्न विचारला, "नई जिंदगीत रविवारी बिघडली तर कोण उघडणार?" कमी देखभालीची सायकल म्हणजे कधीच न बिघडणारी सायकल, असा माझा समज होता. चाचांच्या मते जी कमी बिघडते आणि बिघडलीच तर कोणत्याही गल्लीतला मुलगा दहा मिनिटांत दुरुस्त करतो, ती खरी कमी देखभालीची. मला ते पटले. गिअर नको म्हटले. त्याऐवजी मागचे फ्रीव्हील बदलले. पुढच्या चक्राला 44 दाते होते, मागे 18 होते, तिथे 20 चे लावले. आता पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरऐवजी साडेचार मीटर जाते, पण वह्यांचे ओझे घेऊन चढ आला तरी उतरावे लागत नाही.

रिम अल्युमिनियमच्या घेतल्या. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक घसरतो. सोलापुरात पाऊस कमी, पण आला की एकदम येतो. पावसापेक्षा आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. त्यासाठी जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घातली. हवा अंगठ्याने दाबून न दबेल इतकी ठेवायची. हवा कमी असली की काटाही लागतो आणि दमही लागतो.

वह्या मागच्या कॅरियरवर बांधते. पुढच्या बास्केटमध्ये जास्त ओझे टाकले तर हँडल ओढ घेते, म्हणून तिथे फक्त डबा आणि पाण्याची बाटली.

आणि शेवटी ती गोष्ट, जिच्यासाठी एवढे सगळे केले. चेनला पुढून मागून बंद असे फुल चेन कव्हर बसवले. त्याचा फायदा दुहेरी आहे. कापड आत जात नाही आणि धूळही आत जात नाही. उघड्या चेनवर तेल आणि धूळ मिळून चिखल होतो आणि चेन झिजते. झाकलेल्या चेनला महिन्यातून चार थेंब तेल पुरते. वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग करायचे, छर्रे धुऊन नवे ग्रीस भरायचे आणि चाकाचा आउट काढायचा. एवढीच तिची मागणी.

मागच्या मडगार्डला चाचांनी दोन्ही बाजूंनी ओळीने भोके पाडून दिली. त्यांतून अक्षापर्यंत नायलॉनची दोरी मी घरी ओवली. अम्मीजान शेजारी बसून पाहत होत्या. काम संपल्यावर त्या उठल्या, एक जुना दुपट्टा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "पायडल मार." मी सायकल स्टँडवर लावून चाक जोरात फिरवले. त्यांनी दुपट्टा चाकाला लावला, चेनकडे सोडला, वरून टाकला, खालून ढकलला. तो दर वेळी घसरून बाहेर येत होता. पाच मिनिटे त्यांनी ही परीक्षा घेतली. मग म्हणाल्या, "फिर भी पिन लगा के बैठ." ते मी आजही पाळते. बुरख्याचा घेर सीटवर आवरून घेते आणि दुपट्टा पिनेने बांधते. जाळी आहे म्हणून बेफिकीर होऊ नये.

सगळा खर्च साडेपाच हजारांत बसला.

मोहल्ल्यात लोक बोलले नाहीत असे नाही. पण बोलणे वेगळेच निघाले. मला वाटले होते, बुरख्यावरून बोलतील. बहुतेकांनी विचारले, "टीचर होऊन सायकल?" म्हणजे हरकत बाईपणाला कमी आणि गरिबीच्या दिसण्याला जास्त होती. शिकलेल्या माणसाने पेट्रोल जाळलेच पाहिजे, असे आपण कधी ठरवून टाकले?

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 पासून साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. त्यांत तरुण मुस्लिम स्त्रियाही होत्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण आडव्या नळीवर मूल बसवता येते. माझी गरज वेगळी, त्यांची वेगळी. पण दोघींनी सायकल आपल्या कामाच्या मापाने पाहिली. बिहारमध्ये 2006 साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू झाले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात दिसले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे 32 टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः शाळा दूर असलेल्या गावांत झाली. आपण तालीमची चर्चा करताना मोठमोठे शब्द वापरतो. कित्येकदा अडचण फक्त तीन-चार किलोमीटरची असते.

माझ्या शाळेतही आठवीनंतर दरवर्षी काही मुली गळतात. हायस्कूल लांब आहे, हे कारण पालक सांगतात आणि आपण ते सबब म्हणून ऐकतो. मागच्या पालकसभेनंतर यंत्रमागावर काम करणारे एक वडील माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले. मुलीला पुढे पाठवायचे नाही, असे सभेत त्यांनीच सांगितले होते. ते सायकलजवळ उकिडवे बसले. जाळी बोटाने दाबून पाहिली, चेन कव्हरवर थाप मारली. मग वर न बघता विचारले, "टीचर, हे कव्हर वेगळं मिळतं का? कितीला पडलं?"

मी साडेतीनशे रुपये सांगितले आणि चाचांच्या दुकानाचा पत्ता वहीच्या कागदावर लिहून दिला.