कौंडण्यपूरची खापरे

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वपरिचित आहे. आषाढीसाठी येथून पंढरपुरास पालखीही जाते. मला मात्र नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडाने अधिक वेळ थांबविले. १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी येथे उत्खनन केले, तेव्हा काळी-तांबडी खापरे आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. भांडे पालथे भाजले, की हवेअभावी आतून व काठाशी काळे राहते, बाहेरून तांबडे होते. चाकावरच्या हातांइतकेच हे भट्टीचे कसब! इटलीतील फाएन्झा गावाने आपल्या रंगीत भांड्यांसाठी १९०८ साली संग्रहालय उभारले. येथे दर पावसाळ्यात टेकाडाची माती थोडीथोडी वर्धेत उतरते, आणि तिच्याबरोबर खापरेही.