अर्ध्या तासाचें अरण्य

कांहीं शब्दांचें भाग्य मोठें विचित्र असतें. 'सफर' हा मूळचा अरबी शब्द फारशीच्या द्वारें आमच्या भाषेंत आला व येथें इतका रुळला कीं, त्यास परका म्हणावें असें आतां कोणाच्या मनांतहि येत नाहीं. त्याच घराण्याची दुसरी शाखा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंत 'सफारी' या नांवानें नांदत होती. ती इंग्रज शिकाऱ्यांच्या बंदुकांबरोबर जगभर हिंडली आणि अखेर आमच्याच दारीं येऊन उभी राहिली. घरची सफर ओसरीवर बसलेली असतां आम्हीं या पाहुण्या बहिणीस एकदम माजघरांत नेलें. स्वाहिली बोलणारा मनुष्य कोणत्याहि प्रवासास सफारी म्हणतो. आम्हां शहरवासीयांस मात्र हा शब्द ऐकतांच जाळी लावलेली मोटार व जाळीपलीकडील जनावर यांचीच आठवण होते. मध्यंतरीं एका जातीच्या पोशाखासहि हें नांव मिळालें होतें; परंतु तो पोशाख घालून कोणी अरण्यांत गेल्याचें ऐकिवांत नाहीं. तो बहुधा कचेरींतच जात असे.

अरण्य पाहावयाचें म्हणजे चार-आठ दिवसांची सवड हवी, हा जुना समज आतां मागें पडला आहे. मोठ्या शहराच्या माणसापाशीं पैसा एक वेळ असेल, पण वेळ नसतो; म्हणून शहरानें आपल्यापुरतें अरण्यहि लहान करून घेतलें. मुंबईकरांस या लहान सफरीसाठीं दूर जावें लागत नाहीं. बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेस उतरून हमरस्ता ओलांडला कीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें प्रवेशद्वार लागतें. सोमवारीं हें दार बंद असतें. एरवीं तिकीट काढून कोणीहि आंत जावें. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें वन मुंबई आणि ठाणें या दोन शहरांच्या मध्यें पसरलेलें आहे. याच्या पोटांत विहार व तुळशी हे दोन तलाव आहेत. पहिला १८६० सालीं पुरा झाला, दुसरा १८७९ सालीं. मुंबईच्या नळांस पहिलें पाणी दिलें तें विहारानें. म्हणजे ज्या शहरानें या डोंगरास चोहोंबाजूंनीं वेढा घातला, त्या शहराची तहान प्रथम याच डोंगरानें भागविली. याच्या माथ्याकडे कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. बौद्ध भिक्षूंनीं कातळांत आपल्या निजण्याचे ओटे कोरले, दारापुढें पाण्याच्या पोढी खोदल्या, आणि सुमारें हजार वर्षें येथें वस्ती केली. त्यांनींहि श्वापदांच्या शेजारींच रात्री काढल्या असतील. मात्र त्यांच्या खिडक्यांस जाळ्या नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यांत आमची थोरली बहीण जुन्नराकडून कांहीं दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. तिला घरांत सर्वजण आक्का म्हणतात. आत्याला वाघ दाखवावयाचा, असा आमच्या मुलांनीं हट्ट धरिला. आक्काची शेतवस्ती उसाच्या मुलुखांत आहे, व त्या उसांत बिबट्यांचा वावर आहे. तेव्हां तिला वाघ दाखविणें म्हणजे कोळ्यास मासा दाखविण्यासारखेंच होतें. पण मुलांच्या उत्साहापुढें ती कांहीं बोलली नाहीं. एका रविवारीं सकाळीं आम्ही सर्व मंडळी सफारीच्या रांगेंत जाऊन उभे राहिलों.

मोटार लहानशी होती. खिडक्यांस जाड तारेची जाळी. एक फाटक उघडलें, आम्ही आंत शिरलों, तें मागें बंद झालें, मग पुढचें उघडलें. मुलें एकाएकीं गप्प झालीं. प्रथम सिंहाचें आवार लागलें. सिंह एका झाडाच्या सावलींत पडला होता. त्यानें मान उचलून आमच्याकडे एकवार पाहिलें आणि पुन्हां ठेवून दिली. भर दुपारीं दारावर आलेल्या विक्रेत्याकडे घरधनी जसें पाहतो, तसें तें पाहणें होतें. कोंकणच्या या डोंगरांत सिंह हा खरोखर पाहुणाच. २०२२ सालीं गुजराथेंतून सिंहाची जोडी येथें आणण्यांत आली व तिच्या मोबदल्यांत वाघाची जोडी तिकडे पाठविण्यांत आली. नंतर वाघाचें आवार आलें. वाघीण कुंपणाच्या कडेनें येरझारा घालीत होती. तिच्या पायांनीं तेथें एक स्वच्छ पायवाट पडली होती. मोटारींत एकच गलबला झाला. कोणी जाळी वाजविली, कोणी लेंकरास उंच धरिलें, कोणी छायाचित्रें घेतलीं. अर्धा तास संपण्यापूर्वींच आम्ही पहिल्या फाटकाशीं परत आलों होतों.

आक्का या सर्व वेळांत एक अक्षर बोलली नव्हती. खालीं उतरल्यावर मुलांनीं तिला घेरलें. आत्या, वाघ कसा होता, भीति वाटली का? तेव्हां ती आमच्याकडे वळून म्हणाली, "ह्याला कोंडलाय म्हणून तुम्ही एवढं हसताय रे. आमच्याकडं तो मोकळा असतो, म्हणून आम्ही दिवेलागणीला पोरं आत घेतो."

या बोलण्यांत टोमणा नव्हता. तीन वर्षांपूर्वीं बिबट्यानें तिच्या गोठ्यांतील कालवड नेली होती. तिच्या गांवीं शेतीची वीज पुष्कळदां रात्रींच येते. त्यामुळें उसाला पाणी देण्यासाठीं तिचा मुलगा रात्रीं हातांत विजेरी घेऊन एकटा बाहेर पडतो, आणि तो परत येईपर्यंत आक्का उंबऱ्यावर बसून असते. मुंबईच्या मुलांनीं जें पाहण्यासाठीं पैसे मोजले, तें दिसूं नये म्हणून ती रोज देवाची प्रार्थना करते. मुलांपैकीं धाकट्यानें विचारलें, "आत्या, मग तुम्ही त्याला मारून कां टाकीत नाहीं?" ती म्हणाली, "मारून कुठं संपतो बाळा? आता तेच त्याचं घर झालंय. उसातच जन्मतो तो. ऊस तोडायला लागलं, की पिल्लं सापडतात; वनखात्याची माणसं येतात, रात्री तिथंच ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. आई ती आईच की."

या एका वाक्यानें आमच्या अर्ध्या तासाच्या अरण्याचा अर्थच पालटला. कारण खरी गोष्ट अशी कीं, बोरिवलीच्या या वनाचा खरा मालक आम्हांस सफारींत दाखविलेल्या जनावरांत नव्हताच. तो त्या आवारांच्या बाहेर होता. २०१५ सालीं उद्यानांत व आरेसारख्या लगतच्या भागांत स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांची गणना झाली, तेव्हां पस्तीस निरनिराळे बिबटे आढळले; २०१८ च्या गणनेंत हा आंकडा सत्तेचाळीस झाला. माणसाच्या बोटांचे ठसे जसे एकमेकांशीं जुळत नाहींत, तसे दोन बिबट्यांच्या अंगावरील ठिपके जुळत नाहींत. त्यावरून हा हिशेब करितात. इतक्या थोड्या जागेंत इतके बिबटे जगांत क्वचितच कोठें असतील. रात्र झाली म्हणजे ते वनाच्या कडेस येतात, इमारतींच्या भिंतींवरून चालत जातात, आणि पहांटेपूर्वीं परततात. शेंकडों बिऱ्हाडांस त्याची वार्ताहि नसते. सफारींत आपण जाळीआडून श्वापद पाहतों हें खरें. परंतु रोज रात्रीं तो आपल्या खिडक्यांच्या जाळ्यांकडे पाहत असतो, आणि पाहून निघून जातो.

निघून जातो, हेंच महत्त्वाचें. तो नेहमींच निघून गेला असें मात्र नाहीं. २००४ सालच्या जून महिन्यांत या उद्यानाच्या भोंवतीं बिबट्यांनीं दहाच्या आसपास माणसें मारिलीं, आणि त्यांत लहान मुलें होतीं. ज्या झोंपड्यांत त्या रात्रीं आकांत झाला, त्यांस वन्यजीवांच्या सौंदर्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु या अनर्थाचीं कारणें शोधूं जातां केवळ जनावराच्या क्रौर्यावर भार टाकून चालत नाहीं. त्या काळीं बिबट्या दिसला कीं पिंजरा लावावा, धरावा, आणि दुसऱ्या रानांत नेऊन सोडावा, अशी रीत होती. आक्काच्या जुन्नर भागांतूनच २००१ ते २००३ या काळांत शंभराहून अधिक बिबटे धरले गेले, व त्यांतले पुष्कळ दूरच्या रानांत सोडले गेले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचा अभ्यास केला. २०११ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांत दिसलें तें असें कीं, बिबटे हलविल्यानें उपद्रव शमला तर नाहींच, उलट जेथें ते सोडले त्या भागांत माणसांवरील हल्ले वाढले. परक्या रानांत टाकलेलें जनावर आपल्या घराकडे वाट काढूं लागतें. त्या वाटेंत त्याला ना ओळखीची आडोशाची जागा असते, ना ठाऊक असलेली शिकार.

या वाट काढण्याचें एक उदाहरण तर आतां महाराष्ट्रांत सर्वश्रुत झालें आहे. २००९ सालीं नगर जिल्ह्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेला एक वयस्क बिबट्या वर काढण्यांत आला. त्याच्या गळ्यांत माग कळविणारें यंत्र बांधून त्याला माळशेज घाटाच्या रानांत सोडलें. त्याचें नांव ठेविलें 'आजोबा'. हे आजोबा सव्वाशें किलोमीटरांच्या आसपास चालले. त्यांनीं आग्रा रस्ता ओलांडला, कसाऱ्याची रेल्वे ओलांडली, वसईची खाडी पोहून पार केली, आणि ते मुंबईच्या या वनाच्या कडेशीं येऊन स्थिरावले. एवढ्या प्रवासांत त्यांनीं एकाहि माणसास ओरखडा काढला नाहीं. त्यांचा शेवट २०११ च्या डिसेंबरांत झाला, तो हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेनें. त्यांच्या नांवाचा मराठी चित्रपटहि २०१४ सालीं निघाला. माणसाशीं सभ्यपणें कसें वागावें हें त्या जनावरास साधलें. रस्त्याशीं तसें वागणें त्यास साधलें नाहीं, आणि त्यांत दोष त्याचा नव्हता.

उद्यानांतून बाहेर पडतांना आक्काची नजर रस्त्याकडेच्या उकिरड्यावर गेली. तेथें आठ-दहा कुत्रीं लोळत होतीं. ती थबकून म्हणाली, "एवढी कुत्री कशी रे इथं? मग तो येणारच की." उसाच्या बांधावर राहणाऱ्या बाईनें जें एका दृष्टिक्षेपांत ओळखलें, तेंच शास्त्रज्ञांनीं मोजून काढलें आहे. २०१८ सालच्या एका अभ्यासांत असा अंदाज दिला आहे कीं, या उद्यानांतील बिबटे वर्षास सुमारें दीड हजार भटकीं कुत्रीं खातात, व त्यायोगें कुत्रा चावण्याचे सुमारें हजार प्रसंग टळतात. कचरा कुत्र्यास पोसतो, कुत्रा बिबट्यास पोसतो. आणि हा कचरा आम्हीच टाकतों. आमंत्रण आम्हीं द्यावें, पाहुणा दारीं येतांच पिंजरा मागवावा, हा न्याय कोणत्याहि सुसंस्कृत घरांत चालणार नाहीं. या वनांत आजहि वारल्यांचे पाडे आहेत. ते वाघोबास देव मानून पूजितात. त्या पूजेंत भीति नाहीं असें नव्हे. पण ती शेजाऱ्याविषयींची भीति आहे. शेजाऱ्याची मर्यादा सांभाळावी, तो आपली सांभाळील, असा तो करार आहे.

मग ही अर्ध्या तासाची सफारी निरर्थक म्हणावी काय? कित्येक रसिक तसें म्हणतात. बंदिस्त जनावर पाहून अरण्याचें ज्ञान होत नाहीं, हा त्यांचा आक्षेप खोटा नाहीं. येरझारांनीं पडलेली ती पायवाट आम्हीं पाहिली आहे, व ती डोळ्यांपुढून जात नाहीं. परंतु ज्या मुलानें जन्मांत डांबराखेरीज जमीन पाहिली नाहीं, तें मूल या निमित्तानें निदान एक फाटक ओलांडून झाडांखालीं येतें. या वनाच्या पोटांतून ठाण्यास जाणाऱ्या भुयारी मार्गाचें भूमिपूजन २०२४ सालीं झालें. शहराची नड मोठी आहे, आणि ती अशीच दर पिढीस नवी मागणी घेऊन येईल. त्या वेळीं या वनाच्या बाजूनें बोलणारीं माणसें कोठून यावयाचीं? तीं या रविवारच्या रांगेंतूनच यावयाचीं. म्हणून रांग मोडूं नये. मात्र रांगेंतल्या मुलास अर्धी गोष्ट सांगून घरीं पाठवूं नये. त्याला जाळीपलीकडचा सिंह दाखवावा, आणि परततांना सांगावें कीं, तूं ज्याला पाहिलें नाहींस तोच येथला खरा रहिवासी. तो तुझ्या शाळेमागच्या डोंगरावर राहतो, व त्याच्याशीं नीट वागणें तुझ्याकडे आहे.

तें वागणें फारसें कठीणहि नाहीं. उकिरडा साचूं देऊं नये, संध्याकाळीं लहान मुलास वनाच्या कडेनें एकटें सोडूं नये, वाटेवर दिवा असावा, आणि चुकून तो दिसलाच तर गर्दी करून त्याची परतीची वाट अडवूं नये. आक्काच्या वस्तीवर हे नियम कोणी छापून लाविलेले नाहींत. ते तेथें दिवेलागणीबरोबर आपोआप पाळले जातात, आणि तरीहि ती रात्रीं उंबऱ्यावर बसते. सफारीचें तिकीट खिडकीवर मिळतें व त्याचें मोल अर्ध्या तासांत फिटतें. उरलेल्या साडेतेवीस तासांचें मोल जुन्नरच्या उसांत माणसें कित्येक वर्षें भरीत आलीं आहेत. मुंबईनेंहि आपला वांटा आतां उचलावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.