असं झालं नाही तर

वडील पंचायत समितीत लिपिक होते, त्यामुळे गावातले निम्मे अर्ज आमच्या ओट्यावर लिहिले जात. कुणाला विहीर खोल करायची असे, घरकुलाच्या यादीतून कुणाचं नाव गळलेलं असे, कुणाचे निराधार योजनेचे पैसे थांबलेले असत. वडील आधी सगळं ऐकून घेत, मग फुलस्केपचा समास दुमडून एकटाकी लिहीत. मागणी पहिल्या परिच्छेदात, कारण दुसऱ्यात, जोडलेल्या कागदांची यादी शेवटी. रडगाणं कुठेच नाही; साहेब ते वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शाळेत अर्जलेखनाचे गुण मला त्यांच्यामुळे फुकटात मिळाले आणि पुढे संशोधनासाठी पैसे मागायची वेळ आली तेव्हाही ही शिकवण बऱ्यापैकी कामी आली. एका जागी मात्र ती तोकडी पडायची. वडिलांच्या अर्जाला सातबारा जोडलेला असे. संशोधनाच्या प्रस्तावाला सातबारा नसतो. जे अजून कुणालाच माहीत नाही त्यासाठी पैसे मागायचे, ते सापडेलच अशी थापही मारायची नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला पैसे द्यावेसे वाटले पाहिजेत.

पीएचडीच्या काळात प्रस्ताव हे सरांचं काम होतं. 'सर प्रपोजल लिहितायत' एवढं कळलं की सगळी प्रयोगशाळा दबक्या पावलांनी वावरायची. आमच्या वाट्याला कोटेशनं. उणे ऐंशीच्या एका फ्रीजसाठी तीन कंपन्यांची तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, एकाच कंपनीकडे मिळणारी वस्तू असेल तर तसं प्रमाणपत्र. कंटाळवाणं काम, पण त्यातून भाव कळले. अँटिबॉडीच्या एका इवल्याशा कुपीला किती पैसे पडतात हे समजल्यावर 'सगळ्या रुग्णांवर सगळ्या चाचण्या करू' असं आमच्यातलं कुणी म्हणेनासं झालं. बजेट हा प्रस्तावाचा कारकुनी भाग आहे असं मानणारे शास्त्रज्ञ मला पुष्कळ भेटले आहेत. मी मात्र कुणाचाही प्रस्ताव हातात आला की आधी बजेट उघडते. काय करायचं हे ज्याने खरोखर ठरवलेलं असतं, त्याचं ते लगेच तिथे दिसतं.

अमेरिकेत पोस्टडॉक करायला गेले तेव्हा पहिल्यांदा हे लेखन जवळून पाहिलं. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, नेहमीच्या मोठ्या ग्रँटला, आर-झिरो-वनला, संशोधनाची मांडणी 12 पानांत करावी लागते. 2010पूर्वी 25 पानं मिळत. त्या बारांच्या आधी एकच पान उद्दिष्टांचं. परीक्षक 1 ते 9 गुण देतात, त्यात 1 सर्वांत चांगला, आणि प्राथमिक गुणांत मागे पडलेल्या जवळपास अर्ध्या प्रस्तावांवर बैठकीत चर्चासुद्धा होत नाही. त्यामुळे सगळा जीव त्या एका पानात. आमचे बॉस ते पान आपल्या विषयाशी काही संबंध नसलेल्या माणसाला वाचायला देत. वरच्या मजल्यावर वनस्पतींवर काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्यावर हा प्रसंग वारंवार येई. वाचून झालं की बॉस एकच विचारत : यातलं पहिलं उद्दिष्ट फसलं, तर दुसऱ्याचं काय होईल? बाईंनी 'तेही फसेल' म्हटलं की पान पुन्हा लिहायचं.

त्या प्रस्तावांत एक छोटा भाग असतो : अडचणी काय येऊ शकतात, आणि अपेक्षेप्रमाणे घडलं नाही तर काय करणार. बहुतेक जण तो शेवटच्या रात्री लिहितात. 'उपकरण बिघडल्यास शेजारच्या विभागातलं वापरू' या छापाचा. आमचे बॉस मात्र तिथूनच सुरुवात करत. अपेक्षेच्या उलट निकाल आला तरी काहीतरी नवीन कळेल, असा प्रयोग सुचला की त्यांची कळी खुलायची.

पुण्यात परतून स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा विषय निवडला सिकलसेलचा. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं, त्याने लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मूल वेदनेने कळवळतं. महाराष्ट्रात विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. गर्भात असताना आपल्याकडे वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते ओसरतं. ज्यांच्यात ते जास्त उरतं त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो, आणि भारतातल्या रुग्णांत ते बरेचदा भरपूर उरलेलं असतं. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असं पुस्तकात वाचलेलं. वॉर्डात मात्र असं गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर असलेली मुलंही पुन्हा पुन्हा दाखल होताना दिसतात. मला वाटत होतं, रक्तातली सरासरी आपल्याला फसवते. ते हिमोग्लोबिन सगळ्या पेशींत सारखं वाटलेलं आहे की थोड्याच पेशींत साठलंय, हे पाहायला हवं. फ्लो सायटोमीटरवर ते पेशीगणिक मोजता येतं.

प्रश्न चांगला होता. प्रस्ताव व्हायला त्याला बराच वेळ लागला. संख्याशास्त्राच्या मॅडमकडे गेले, रुग्ण किती लागतील ते विचारायला. त्यांनी उलट विचारलं, 'फरक किती असेल असं वाटतं तुम्हाला?' तेच तर शोधायचंय, मी म्हटलं. त्या हसल्या. नमुन्याचा आकार काढायचा तर आधी फरकाचा अंदाज धरावा लागतो, आणि अंदाज धरायचा तर आधी थोडं काम केलेलं असावं लागतं. ते थोडं काम करायला पैसे लागतात, ज्यासाठी हा प्रस्ताव. या चक्रातून सगळेच कुठल्या तरी जुन्या प्रकल्पाच्या उरलेल्या रसायनांवर तरून जातात. मीही तशीच गेले. मॅडमनी माझ्याकडून एक वाक्य मात्र लिहून घेतलं : किमान एवढा फरक असेल तरच डॉक्टरांच्या निर्णयात काही बदल होईल, त्याहून कमी फरकात आम्हाला रस नाही.

खरा धडा मिळाला नंदुरबारला. प्रत्येक मुलाचं रक्त सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासायचं, असा माझा सरळ रेषेतला गँट चार्ट, म्हणजे वेळापत्रकाचा तक्ता, होता. जमिनीवर हे कसं जमेल ते पाहायला मी धडगावकडे गेले होते. तिथल्या आशाताईंनी तक्ता नीट पाहिला आणि म्हणाल्या, 'मॅडम, दिवाळीनंतर इथे कोण भेटणार तुम्हाला? सगळे ऊसतोडीला जातात, पोरांना घेऊन.' मग परत कधी येतात? 'होळीला. होळीला कुणी बाहेर थांबत नाही.' ते खरंच आहे. सातपुड्यात होळीएवढा मोठा सण नाही. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या राजवाडी होळीला तर रात्रभर ढोल वाजतात, आणि मजुरीला पार गुजरातेत गेलेली माणसंही घर गाठतात.

मग तक्ता होळीभोवती बसवला. पहिला नमुना पावसाळ्याच्या शेवटी, दुसरा होळीच्या आठवड्यात, तिसरा पुन्हा पावसाळ्यानंतर. अंतरं असमान झाली. त्यात होळी दरवर्षी सरकते, अधिक महिना आला की चांगलीच. 'असं झालं नाही तर' या भागात पहिल्यांदाच मला काही खरं लिहिता आलं : कुटुंब होळीलाही आलं नाही तर आशाताई मुकादमाच्या फोनवरून पत्ता काढतील, मुलाला झालेला त्रास फोनवर विचारला जाईल, त्या वेळचं रक्त मिळणार नाही, आणि अशी मुलं हिशेबात धरून संख्या वाढवली आहे. बजेटमध्ये आशाताईंचं मानधन, जीपचं भाडं, बर्फाची थैली घातलेले थर्माकोलचे खोके, आणि पावरी बोलीतल्या संमतीपत्रासाठी भाषांतराचा खर्च आला. सायटोमीटरच्या लेझरबद्दल लिहिताना मला जेवढा विचार करावा लागला, त्याहून जास्त जीपबद्दल लिहिताना लागला.

सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, या असमान अंतरांना वैज्ञानिक आधार काय? मी होळी म्हटलं. खोलीत हशा पिकला. मग त्यांनीच पुढचे प्रश्न नीट विचारले, आणि त्यातून प्रस्ताव सुधारलासुद्धा. पैसे मंजूर झाले. प्रत्यक्षात आले तेव्हा मार्च उजाडला होता आणि त्या वर्षीची होळी हुकली होती. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र 31 मार्चच्या हिशेबानेच मागितलं गेलं.

आता मी अशा समित्यांत दुसऱ्या बाजूला बसते. तिथून दिसणारं चित्र फारसं दिलासा देणारं नाही. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनआयएचचे 25 जुने प्रस्ताव 43 परीक्षकांना वाटून दिले होते. एकाच प्रस्तावाबद्दल दोन परीक्षकांचं जेवढं जमलं, तेवढंच वेगवेगळ्या प्रस्तावांबद्दलच्या दोन मतांचं. म्हणजे जवळपास काहीच नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन मंडळाने 2013पासून काही छोट्या ग्रँट सरळ सोडत काढून वाटायला सुरुवात केली. आधी फक्त निकषांत बसतात का ते पाहायचं. हे ऐकून आमचे काही सहकारी चिडतात. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. आम्ही अगदी वाईट प्रस्ताव ओळखतो, एखादा फार चांगलाही ओळखतो, मधल्या ढिगात मात्र दुपारच्या जेवणाआधी वाचला की नंतर, यानेही फरक पडत असावा.

आणि काही कामं तर या चौकटीत मावलीच नसती. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात विंचू चावून माणसं मरत. ते रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. 1982मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर कामी येतं हे त्यांनी दाखवलं. आमच्या फॉर्ममध्ये 'प्राथमिक पुरावा', 'उपलब्ध सुविधा' असे रकाने असतात. बिरवाडीहून आलेला तो फॉर्म आमच्या समितीने कुठल्या ढिगात टाकला असता, हे मला सांगता येतं आणि सांगावंसं वाटत नाही.

तरीही विद्यार्थ्यांना मी प्रस्ताव लिहायला लावते. पैशासाठी तर लावतेच. पण त्या 'असं झालं नाही तर'ला उत्तर देताना आपल्याला काय माहीत नाही ते जितकं नेमकं कळतं, तितकं ते मला दुसऱ्या कुठल्याच लेखनात कळलेलं नाही. सध्या एका विद्यार्थिनीचा मसुदा माझ्याकडे आहे. अडचणींच्या भागात तिने लिहिलं होतं, 'रुग्ण स्थलांतरामुळे गळण्याची शक्यता. होळीच्या काळात पाठपुरावा.' माझ्याच जुन्या प्रस्तावातून उचललेलं. मी समासात लिहिलं, हे तू स्वतः कुणाला विचारलंस का? ती आशाताईंना फोन करून आली आणि म्हणाली, यंदा पुष्कळ घरं मुलांना आजीपाशी ठेवून जाणार आहेत, मग संमती कुणाची घ्यायची, आजीची की फोनवरून आईची? नीतिसमितीच्या नियमांत आजी कुठे बसते ते आम्ही दोघी आता शोधतो आहोत. मसुदा जमा करायची मुदत शुक्रवारी संपते.