बॅलेचा मुरलेला प्रेक्षक

नेमाने बॅले पाहणारा प्रेक्षक गोष्ट पाहायला जात नाही. गोष्ट त्याला पाठ असते. ‘जिझेल’मधली खेडवळ मुलगी फसवणुकीच्या धक्क्याने वेडी होऊन मरणार, ‘स्वान लेक’मधला राजपुत्र पांढरी हंसीण समजून काळीला वचन देऊन बसणार, यात त्याला नवे काहीच नसते. तिकीट काढताना तो पाहतो ते त्या संध्याकाळी कोण नाचणार आहे. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये एकेका मोठ्या बॅलेचे प्रयोग काही आठवडे चालतात आणि मुख्य भूमिकांत वेगवेगळ्या जोड्या आलटून पालटून उतरतात. त्यातल्या दोन-तीन जोड्या तरी पाहायच्याच, असा जुन्या प्रेक्षकांचा रिवाज आहे. ख्यालाचा रसिक तोच राग निरनिराळ्या गळ्यांतून ऐकतो, तशातलाच हा प्रकार. प्रस्तुत लेखिका १९८०च्या आसपास मुंबईहून लंडनला गेली आणि याच नादाला लागली, तो नाद अजून सुटलेला नाही.

रॉयल ऑपेरा हाउसची कोव्हेंट गार्डनमधली आजची वास्तू १८५८ची. त्या जागेवरचे हे तिसरे नाट्यगृह, आधीची दोन आगीत गेली. नालाच्या आकाराचे प्रेक्षागृह, सुमारे सव्वादोन हजार आसने, सगळ्यात वर ‘अँफिथिएटर’ आणि त्याच्या दोन्ही कडांना ‘स्लिप्स’ म्हणून ओळखली जाणारी स्वस्त बाके. १९९७ ते १९९९ या काळात नूतनीकरणासाठी नाट्यगृह बंद होते. त्याआधी वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकांना बाजूच्या गल्लीतल्या वेगळ्या दाराने जिने चढून जावे लागे आणि खालच्या झुंबरांच्या दालनाशी त्यांचा संबंध येत नसे. खरे जाणकार मात्र त्या जिन्यावरच भेटत. उभ्याने पाहायच्या जागाही होत्या, आजही आहेत. तीन तास लाकडी कठड्याला रेलून उभे राहायचे आणि मध्यंतरात जमिनीवर बसकण मारायची. तरुण वयात हे जमते, पुढे गुडघे ठरवतात.

जागा बदलली की बॅलेही बदलतो. खालून, पुढच्या रांगांतून, चेहरे दिसतात, नर्तकाची छाती भात्यासारखी हलताना दिसते आणि बुटांचा आवाज ऐकू येतो. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठीचे ते गुलाबी साटिनचे बूट दुरून मऊ वाटतात, पण त्यांचे टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेले असते. समूहातल्या वीस-चोवीस मुली एका वेळी उडी मारून खाली आल्या की लाकडी फळ्यांवर टपटप पाऊस पडल्यासारखे होते. नर्तकी हे बूट प्रयोगाआधी भिंतीवर आपटून, वाकवून नरम करतात, तरी आवाज पुरता जात नाही. मोठ्या भूमिकेत एकाच संध्याकाळी एखादा जोड कामातून जातो. वरून पाहिले तर यातले काही ऐकू येत नाही, पण रंगमंचाच्या जमिनीवर उमटणाऱ्या आकृत्या दिसतात. ‘स्वान लेक’चा दुसरा अंक किंवा ‘जिझेल’चा दुसरा अंक वरूनच पाहावा, असे प्रस्तुत लेखिकेचे ठाम मत आहे. ‘जिझेल’मध्ये पांढऱ्या पोशाखातल्या ‘विली’, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुते, एक पाय मागे ताणून दुसऱ्या पायावर लहान लहान उड्या घेत समोरासमोरून येतात आणि एकमेकींच्या रांगांतून आरपार निघून जातात. खालून ती नुसती गर्दी दिसते. वरून पाहताना दोन रांगा एकमेकींत शिरून पुन्हा सुट्या होतात आणि नेमके तिथेच नाट्यगृहात टाळ्या पडतात.

वरच्या मजल्याला आणखी एक गोष्ट फुकट मिळत असे, ती म्हणजे आधीच्या पिढीच्या आठवणी. तिकिटाच्या रांगेत हमखास एखादे वयस्क गृहस्थ भेटत आणि त्यांनी काय काय पाहिले ते सांगत. युद्धकाळात या नाट्यगृहाचे नाचघर झाले होते. २० फेब्रुवारी १९४६ला ते पुन्हा उघडले, तेव्हा निनेट द व्हॅल्वा यांच्या कंपनीने ‘स्लीपिंग ब्यूटी’ सादर केला आणि मार्गो फाँटेन नायिका ऑरोरा झाली. रेशनिंगच्या त्या दिवसांत ऑलिव्हर मेसेलचे नेपथ्य आणि पोशाख पाहून डोळे दिपले, असे ही मंडळी सांगत. ऑक्टोबर १९५६मध्ये मॉस्कोचे बोल्शोय प्रथमच लंडनला आले आणि तिकिटांसाठी लोक रात्री फुटपाथवर झोपले. गालिना उलानोव्हा तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. अंगावरचा झगा फडकवत मंचभर धावणारी तिची ज्युलिएट ज्यांनी पाहिली, त्यांना पुढची एकही ज्युलिएट पुरी पटली नाही. आणि मग २१ फेब्रुवारी १९६२. आदल्या वर्षी पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत पहाऱ्यातून निसटलेला तेवीस वर्षांचा रुडॉल्फ नुरेयेव बेचाळीस वर्षांच्या फाँटेनबरोबर ‘जिझेल’मध्ये उभा राहिला. पडदा पडल्यावर त्याने गुडघे टेकून तिच्या हाताचे चुंबन घेतले, हे रांगेतला प्रत्येक जण आपण पहिल्या रांगेतून पाहिल्यासारखे सांगे. सांगणारे सगळे तिथे हजर असते, तर नाट्यगृहाला आणखी दोन मजले लागले असते.

बॅलेची बरीचशी परंपरा अशी सांगोवांगीच टिकते. रचना लिहून ठेवण्याच्या लिप्या आहेत, आता चित्रफिती आहेत, तरी एक नर्तकी दुसरीला तालमीच्या खोलीत भूमिका देते तेव्हाच ती खरी पोचते. प्रेक्षकांतही तसेच चालते. कुणाची मान कशी वळली, कोणत्या स्वरावर ती थांबली, हे ज्याने पाहिले त्याच्याच जवळ राहते आणि पुढची जोडी पाहताना मोजमाप म्हणून कामाला येते.

भारतीय प्रेक्षकाला ‘ला बायादेर’ पाहताना मात्र आधी हसू येते. मारियस पेतिपा याने १८७७मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलेला, मिंकुसच्या संगीतावरचा हा बॅले भारतात घडतो असे म्हणतात. देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गमझट्टी, दुग्मंता नावाचा राजा आणि निकियावर भाळलेला मुख्य पुजारी. अंगाला राख फासलेले फकीर देवळापुढच्या अग्नीवरून उड्या मारतात, परडीतल्या फुलांतून साप निघतो आणि निकियाला डसतो. पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगांत सोलोर खोट्या हत्तीवरून येतो. पुण्याहून आलेल्या मावशींना प्रस्तुत लेखिकेने हा बॅले दाखवला, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी कानाशी विचारले, “अगं, फकीर देवळात काय करतोय?” उत्तर कुणाजवळच नाही. सोनेरी रंग फासलेली मूर्ती जिवंत होऊन उड्या मारते, तो नाच तर १९४८मध्ये निकोलाय झुबकोव्स्कीने घातलेली भर आहे. रशियातल्या प्रयोगांत चेहरे काळे रंगवलेली मुले नाचतात, त्यावर २०१९मध्ये अमेरिकेतली कृष्णवर्णीय बॅलेरिना मिस्टी कोपलंड हिने उघड आक्षेप घेतला. आक्षेप रास्तच होता.

पण या भारताच्या मागे एक धागा खरा आहे. १८३८मध्ये दक्षिण भारतातल्या देवदासींचा एक छोटा संच पॅरिस आणि लंडनला गेला होता. त्यांतल्या अमनी हिच्या नृत्याने तेओफिल गोतिए हा फ्रेंच लेखक भारावून गेला आणि त्याने तिच्याविषयी भरभरून लिहिले. पुढे १८४१च्या ‘जिझेल’ची कथा रचण्यात याच गोतिएचा हात होता आणि १८५८मध्ये त्याने शाकुंतलावर पॅरिस ऑपेरासाठी बॅलेची संहिता लिहिली. ती बसवणारा लुसियाँ पेतिपा हा मारियसचा थोरला भाऊ. निकियाची भूमिका करणारी आना पावलोव्हा १९२२च्या अखेरीस भारतात आली आणि १९२३मध्ये तिने लंडनला तरुण उदय शंकरला घेऊन राधा-कृष्णाचे नृत्य केले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचा एक बॅलेही तिने त्याच वर्षी सादर केला. कागदी भारतातून खऱ्या भारताकडे जायची ही पहिली वाट म्हणायला हरकत नाही.

आणि ‘ला बायादेर’मधले हसू संपते ते छायांच्या अंकात. निकिया मेली आहे आणि सोलोर अफूच्या धुंदीत पडला आहे. अंधारात मागच्या उतरणीवर पांढऱ्या ट्यूटूतली (बॅलेच्या झालरी घागऱ्यातली) एक मुलगी दिसते. एक पाय मागे लांब ताणून ती पुढे झुकते, मग मागे रेलून हात डोक्यावर नेते, दोन पावले चालते आणि पुन्हा झुकते. तिच्या मागे दुसरी, तिसरी, चौथी. उतरण नागमोडी वळते आणि रांग वाढतच जाते. गुस्ताव दोरेने दान्तेच्या ‘स्वर्गा’साठी काढलेल्या चित्रांतून पेतिपाला हे सुचले असे सांगतात. रशियात बत्तीस मुली येतात, नतालिया माकारोव्हाने १९८९मध्ये रॉयल बॅलेसाठी बसवलेल्या प्रयोगात चोवीस. पहिलीला तीच मुद्रा सगळ्यांहून जास्त वेळा करावी लागते. सगळ्या उतरून ओळीत आल्या की खरी परीक्षा सुरू होते. संगीत संथच असते आणि सगळ्यांना एका पायावर उभे राहून दुसरा बाजूला हळूहळू उचलून धरायचा असतो. कुणाचा घोटा थरथरला तर दुर्बिणीशिवायही दिसतो, आणि सारे नाट्यगृह त्या एका घोट्याकडे पाहत राहते. मावशींचा या वेळचा प्रश्न वेगळा होता: “ती पहिली मुलगी पाय खाली कधी ठेवणार?” नृत्याचे कोणतेही शिक्षण नसलेल्या प्रेक्षकाने विचारलेला इतका अचूक प्रश्न लेखिकेने नंतर ऐकला नाही.

टाळ्यांचे शास्त्र देशागणिक बदलते. रशियात नायिका नुसती प्रवेश करती झाली तरी टाळ्या होतात आणि एकेका नाचानंतर ती भूमिका सोडून वाकून नमस्कार करते. लंडनच्या जुन्या प्रेक्षकाला हे रुचत नाही. लेखिकेलाही नाही. जिझेल वेडाच्या भरात मरून पडल्यावर पडदा पुरता टेकेपर्यंत तरी हात आवरावेत. ‘स्वान लेक’मधल्या काळ्या हंसिणीच्या बत्तीस फुएते गिरक्यांना मात्र कुठेच धरबंध उरत नाही, लोक तालावर टाळ्या धरतात. १८९५मध्ये पियेरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने त्या या बॅलेत आणल्या, आणि तेव्हापासून प्रेक्षक मोजायला बसले आहेत. मोजणाऱ्याला गिरक्या दिसतात, हंसीण दिसत नाही. पॅरिस ऑपेरात याहून मोठा प्रसंग कधी कधी वाट्याला येतो. प्रयोग संपल्यावर संचालक मंचावर येऊन एखाद्या नर्तकाला ‘एत्वाल’ म्हणजे सर्वोच्च दर्जा दिल्याचे जाहीर करतात, आणि रडणारा नर्तक व ओरडणारे प्रेक्षक यांत फारसा फरक उरत नाही. कोव्हेंट गार्डनला निरोपाच्या प्रयोगात वरच्या मजल्यांवरून फुलांचा वर्षाव होतो. केनेथ मॅकमिलनच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्या प्रयोगाला, १९६५मध्ये, फाँटेन आणि नुरेयेव यांना त्रेचाळीस वेळा पडद्यापुढे यावे लागले. मुळात ही ज्युलिएट मॅकमिलनने लिन सीमोरच्या अंगावर रचली होती. टाळ्या मात्र दुसरीच्या वाट्याला गेल्या, हे जुने प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत.

ठरलेली जोडी प्रत्यक्षात नाचेलच याची खात्री नसते. कार्यक्रमपत्रिकेत सरकवलेली बदलाची पांढरी चिठ्ठी हातात आली की आधी जीव खट्टू होतो, कारण त्या नर्तकीसाठी तिकीट महिनोन्महिने आधी काढलेले असते. ‘मॅनन’ या बॅलेच्या एका प्रयोगात पहिल्या अंकानंतर मध्यंतर लांबले, पडद्यापुढे ध्वनिक्षेपक घेऊन कुणी तरी आले आणि नायिकेच्या पायाला दुखापत झाल्याचे सांगितले. दुसऱ्या अंकात दुसरी मॅनन होती. तिला नायकाबरोबर पुरेशी तालीम मिळालेली नसणार, हे उचलण्या सावध झाल्यावरून कळत होते. शेवटच्या दलदलीच्या प्रवेशात, जिथे नायिकेला हवेत भिरकावून झेलायचे असते, तिथे सावधपणाला जागाच नसते. दोघांनी ते निभावले. त्या रात्रीच्या टाळ्या पहिल्या नायिकेलाही मिळाल्या नसत्या.

सारेच असे जीवघेणे नसते. फ्रेडरिक ॲश्टनचा १९६०चा ‘ला फीय माल गार्दे’ हा निखळ हसवणारा बॅले. त्यात कोंबड्या नाचतात, विधवा आईचे काम पुरुष करतो आणि लाकडी बूट घालून नाचतो, आणि एक खरे तट्टू गाडी ओढत मंचावर येते. ख्रिसमसला पीटर राइटने १९८४मध्ये बसवलेला ‘नटक्रॅकर’ असतो. नाट्यगृह मुलांनी भरलेले असते आणि खाऊच्या पुड्यांची कुरकुर चायकोव्स्कीच्या बरोबरीने ऐकावी लागते, पण मंचावरचे ख्रिसमसचे झाड वाढू लागले की पुड्या आपोआप थांबतात.

आता प्रयोग चित्रपटगृहांतही दाखवतात. चेहरे जवळून दिसतात ही सोय, पण कॅमेरा ज्याच्याकडे पाहील त्याच्याकडेच पाहावे लागते आणि समूहाची आकृती हातची जाते. शिवाय टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? दुसरीकडे नर्तकांच्या वयाची जुनी गणिते ढिली झाली आहेत. नर्तकी अलेस्सांद्रा फेर्री २०१५मध्ये ‘वुल्फ वर्क्स’ या बॅलेसाठी परतली तेव्हा बावन्न वर्षांची होती. गिरक्या नव्हत्या. ती नुसती चालली तरी मंच भरून जात होता.

मुंबई-पुण्याहून लंडनला जाणाऱ्या ज्या कुणाला एकच बॅले पाहायचा असेल, त्याने ‘जिझेल’ निवडावा. दोन अंक आहेत, गोष्ट सोपी आहे आणि तो सव्वादोन तासांत संपतो. कथासार आधी वाचून जावे. रॉयल ऑपेरा हाउस पुढच्या आठवड्याची काही तिकिटे दर शुक्रवारी दुपारी ऑनलाइन विक्रीला काढते, तेव्हा प्रयत्न करावा. वरचे तिकीट चालेल, पण मधले घ्यावे. कडेच्या स्वस्त बाकांवरून अर्धा मंच दिसत नाही, आणि नेमकी त्याच अर्ध्यात जिझेलची कबर असू शकते.